स्लॅब (नाणेसंग्रह)

नाणे अस्सल आहे का हे तपासून, त्याची प्रत म्हणजे दर्जा ठरवून, ज्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत ते बंद केले जाते तिला नाण्यांच्या बाजारात स्लॅब म्हणतात. तपासणारी संस्था विकणाऱ्याच्या बाजूची नसते आणि घेणाऱ्याच्याही नसते, म्हणून या पद्धतीला त्रयस्थ प्रतवारी म्हणतात. डबीची कड ध्वनिलहरींनी वितळवून सांधलेली असल्याने फोडल्याशिवाय ती उघडत नाही. आतल्या लेबलावर नाण्याचे वर्ष, टांकसाळ, दर्शनी मूल्य, प्रत आणि अनुक्रमांक छापलेला असतो. ही पद्धत अमेरिकेत रुजली आणि तिचा सर्वाधिक प्रभावही अमेरिकी नाण्यांच्या व्यवहारावरच आहे. डबीमुळे सोने गुंजभरही वाढत नाही. तरी त्याच साच्यातून, त्याच वर्षी पडलेल्या दोन नाण्यांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक पाडण्याची ताकद त्या लेबलावरच्या आकड्यात असते.

सोन्याच्या संग्राह्य नाण्याला दोन किमती असतात. पहिली धातूची. अमेरिकेच्या २० डॉलरच्या ‘डबल ईगल’ नाण्याचे वजन ३३.४३६ ग्रॅम असते आणि त्यात ९०० कसाचे, म्हणजे सुमारे ३०.०९ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्या सोन्याचा भाव रोज बदलतो, पण झिजलेल्या आणि कोऱ्या नाण्याला जवळपास सारखाच लागतो. दुसरी किंमत हौसेची. ती वर्ष, टांकसाळ, शिल्लक संख्या आणि अवस्था यांवर ठरते. स्लॅबचा खेळ या दुसऱ्या किमतीपुरताच आहे. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा डोळाही नेमका तिच्यावरच असतो. १९०७ च्या उंच उठावाच्या डबल ईगलची काही गाजलेली बनावट नाणी खऱ्या सोन्यातच पाडलेली होती. गरुडाच्या नखात दडवलेल्या ‘ओमेगा’ या बारीकशा ग्रीक अक्षरामुळे ती ओळखता आली. अशा मालापुढे तराजू आणि कसोटीचा दगड दोन्ही हात टेकतात.

प्रतीचे आकडे मात्र सोन्यासाठी जन्मलेले नाहीत. अमेरिकी नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. कल्पना साधी होती: जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची प्रत १, आणि ७० प्रतीच्या नाण्याची किंमत त्याच्या सत्तरपट. किमतीचे हे गणित बाजाराने लवकरच मोडीत काढले. आकडे तेवढे उरले. याच शेल्डन यांनी एका नामांकित संग्रहातील चांगली नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी हलकी ठेवल्याचे पुढे उघड झाले. नाणे आणि त्याची ओळख वेगवेगळी ठेवली तर काय होते याचा याहून बोलका दाखला सापडणे अवघड.

अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने १९७२ मध्ये अस्सलपणा तपासण्याची सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ती छायाचित्रासह प्रतही लिहून देऊ लागली. पण कागद एकीकडे आणि नाणे दुसरीकडे, हा दोष राहिलाच. पीसीजीएस या खाजगी प्रतवारी संस्थेने १९८६ मध्ये आणि एनजीसी या तशाच दुसऱ्या संस्थेने १९८७ मध्ये नाणे डबीतच बंद करून देण्यास सुरुवात केली, शिवाय आपल्या निकालाची आर्थिक हमीही घेतली. त्यामुळे नाणे न पाहता, केवळ आकड्यावर सौदे होऊ लागले. गुंतवणूकदारांना हेच हवे होते. १९८९ मध्ये भाव कडाडले आणि लगोलग कोसळलेही. नाणे शेअरसारखे विकता येईल, पण ते शेअरसारखे एकसारखे नसते, हे तेव्हा अनेकांना महागात पडून कळले.

शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेल्या नमुन्याचे १९२४ चे डबल ईगल घ्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्या वर्षी ४३ लाखांहून अधिक नाणी पडली. त्यांतली पुष्कळशी युरोपातील बँकांच्या तिजोऱ्यांत जाऊन बसल्याने, १९३३ नंतर अमेरिकी सरकारने सोन्याची नाणी परत घेऊन वितळवली त्यातून वाचली. त्यामुळे हे नाणे दुर्मिळ मुळीच नाही. ते दिव्याखाली धरून हळूहळू कलते केले की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. मशाल उंचावून चालत येणाऱ्या लिबर्टीच्या छातीवर, पुढे आलेल्या गुडघ्यावर आणि मागच्या मोकळ्या सपाट जागेत बारीक खाचा दिसतात. गोण्यांमध्ये नाणी एकमेकांवर आपटून त्या पडतात. वापरात झिजलेले नसेल तर ते ‘एमएस’ म्हणजे कोऱ्या नाण्यांच्या गटात, ६० ते ७० मध्ये कुठेतरी बसते. एखादी खाच गुडघ्यावर असेल तर ६४, मागच्या बाजूवरच्या गरुडाच्या पिसांत लपली असेल तर ६५. हा निवाडा काही सेकंदांत होतो. ६४ आणि ६५ यांतला फरक या वर्षाच्या नाण्याला माफक पडतो; पण ज्या वर्षाची ६५ प्रतीची नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, तिथे एका पायरीसाठी भाव कित्येक पटींनी चढतो.

म्हणूनच डब्या फोडण्याचा धंदा जन्माला आला. ६४ चे नाणे ‘आजच्या नजरेने’ ६५ होईल असे वाटले की व्यापारी डबी फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवतो. हवा तो आकडा मिळेपर्यंत कधी पाच-सहा वेळाही. जुनी लेबले परत केली नाहीत तर एकच नाणे संस्थेच्या मोजणीत अनेकदा धरले जाते आणि त्या प्रतीची नाणी आहेत त्याहून जास्त भासतात. प्रतवारी काळानुसार सैल होत गेल्याची तक्रारही जुनीच आहे. १९८० च्या दशकातल्या, हलवल्यावर खुळखुळणाऱ्या पीसीजीएसच्या पहिल्या डब्यांना म्हणूनच वेगळा भाव मिळतो. तेव्हा कडक मोजले जाई, या विश्वासावर लोक प्लॅस्टिकसाठीही पैसे मोजतात. २००७ मध्ये सीएसी ही संस्था आली. ती नाणे डबीतून काढत नाही. प्रत पक्की वाटली तर डबीवर हिरवी चिकटपट्टी आणि प्रत कमीच दिली आहे असे वाटले तर सोनेरी चिकटपट्टी लावते. मतावरचे हे मत, पण हिरव्या चिकटपट्टीचे नाणे बहुधा महाग विकले जाते. २०२३ पासून तिच्याशी संलग्न संस्था स्वतःच्या डब्याही बनवते.

डबी किंमत घटवतेही. दागिन्यात बसवताना डाग (धातूचा सांधा) दिलेल्या, घासून चकचकीत केलेल्या किंवा खाचांत लेप भरलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही; लेबलावर केवळ ‘डिटेल्स’ आणि दोषाचे नाव येते. उघड्या नाण्यावर जो दोष घासाघीस करून पचवता आला असता, तो आता छापील होतो.

लेबल कधी नाण्याची कुळकथाही सांभाळते. १८५७ मध्ये वादळात बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ जहाजातून निघालेली सॅन फ्रान्सिस्कोची डबल ईगल किंवा २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात जमिनीत सापडलेली सॅडल रिज ठेव, यांची नाणी डबीबाहेर काढली की इतर नाण्यांत मिसळून जातात. उलट १९३३ चे डबल ईगल २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरवर गेले ते खाजगी मालकीला कायद्याने मोकळे असलेले ते एकमेव नाणे असल्यामुळे. तिथे डबीचा संबंध नाही.

सर्वांत पोकळ भाव १९८६ पासूनच्या गोल्ड ईगलसारख्या नव्या नाण्यांच्या ७० प्रतीला मिळतो. टांकसाळीतून थेट येणारी ही नाणी बहुतेक निर्दोषच असतात, तेव्हा ६९ आणि ७० मधला फरक भिंगातूनही सहज सापडत नाही. सोन्याचा भाव चढला की सामान्य वर्षांच्या, ६१-६२ प्रतीच्या जुन्या नाण्यांवरचा हौसेचा चढावा आक्रसतो आणि प्रतवारीचे शुल्कसुद्धा सुटत नाही.

डबीवर विश्वास बसला तशी डबीचीच नक्कल सुरू झाली. २००८ च्या सुमारास बनावट पीसीजीएस डब्या बाजारात दिसू लागल्या, कधी खऱ्या नाण्याचाच अनुक्रमांक छापलेल्या. त्यामुळे क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडणे पुरेसे नसते. तिथे छायाचित्र असेल तर हातातल्या नाण्याच्या खाचा त्याच्याशी एकेक करून जुळवाव्या लागतात.