रिकाम्या नळीची गोष्ट, व्हाया हिंगोली

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या एकमेकींना काटकोनात टाकल्या जाणार आहेत आणि त्यांच्या पोटातली हवा जवळपास सगळी उपसली जाणार आहे. प्रकल्पाचं नाव लायगो-इंडिया, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लाटा टिपणारी वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या नळ्यांतून माणूस जाणार नाही, लेझरचा किरण जाईल. विज्ञानकथांनी आणि इंजिनिअरांनी मात्र अशा रिकाम्या नळीचं स्वप्न दोनशे वर्षं पाहिलं ते प्रवासासाठी.

सुरुवात इंग्लंडात झाली. जॉर्ज मेडहर्स्ट या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नळीतून हवेच्या जोरावर माणसं-माल पाठवण्याची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात मोठा प्रयोग केला इसंबार्ड ब्रुनेलने, १८४७ मध्ये, साउथ डेव्हन रेल्वेवर. रुळांच्या मधोमध नळी, नळीत दट्ट्या. पुढची हवा पंपाने ओढून घ्यायची की मागच्या हवेच्या रेट्याने दट्ट्या आणि त्याला जोडलेली गाडी पळू लागे. वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचला. घोटाळा एका फटीने केला. दट्ट्या गाडीला जोडायचा तर नळीला वरून लांबच्या लांब फट ठेवावी लागे, आणि ती झाकायला चामड्याची झडप. चामडं सुकायचं, थंडीत ताठायचं, फटीतून हवा शिरायची. वर्षभरात, सप्टेंबर १८४८ मध्ये, गाशा गुंडाळावा लागला.

हातपंप उघडून चामड्याचा वायसर बदललेल्या कुणालाही हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. (देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाची वंशावळ सोलापूर पंपावरून मागे जात जालन्याच्या मिशनमध्ये तयार झालेल्या ‘जालना पंपा’शी पोहोचते. दुष्काळी मुलखाची ही खरी तंत्रविद्या, पण ‘भविष्यातले शोध’ म्हटल्यावर तिचं नाव कुणी घेत नाही.)

फटीवर उपाय एकच होता: आख्खी गाडीच नळीत घालायची. कथालेखकांना ते सोपं गेलं. ज्यूल व्हर्नचा मुलगा मिशेल याने बोस्टनहून लिव्हरपूलला समुद्राखालच्या नळीतून जाणाऱ्या गाडीची कथा लिहिली. १८९५ मध्ये ती इंग्रजीत आली तेव्हा खाली नाव वडिलांचं छापलं गेलं. पुढे १९०४ मध्ये रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकी विद्यार्थ्याने कॉलेजच्या निबंधात १९५० सालच्या प्रवासाचं चित्र रंगवलं: हवा काढलेली नळी, चुंबकावर तरंगणारा डबा, बोस्टन ते न्यूयॉर्क दहा मिनिटांत. हाच गोडार्ड पुढे रॉकेटशास्त्राचा आद्य पुरुष ठरला. निर्वात नळीतल्या वाहतुकीचं पेटंट त्याच्या नावावर मंजूर झालं तेही १९५० मध्येच, मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९००च्या सुमारास निजामाच्या रेल्वेची मनमाड-हैदराबाद मीटरगेज औरंगाबादेवरून धावू लागली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला आली, दोन रुळांतलं अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. जपानची बुलेट ट्रेन शिंकान्सेन १९६४ मध्ये ताशी २१० किलोमीटरने धावू लागली तेव्हा, आणि त्यानंतरही तीस-एक वर्षं, मराठवाड्यातून मुंबईला निघालेला माणूस मनमाडला बोचकी उतरवून ब्रॉडगेजची गाडी धरत होता. लातूर-मिरज मार्ग रुंद झाला नसता तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ लातूरपर्यंत पोहोचलीच नसती. आता त्याच लातूरच्या कारखान्यात वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायचं ठरलं आहे, थोड्याथोडक्या नाही, १२०.

नळीचं भूत २०१३ मध्ये पुन्हा उठलं. इलॉन मस्कने हायपरलूपचा आराखडा प्रसिद्ध केला. हवेचा दाब बाहेरच्या हजाराव्या भागावर आणायचा आणि ताशी हजारभर किलोमीटरने डबे सोडायचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रानेही मुंबई-पुणे मार्गासाठी व्हर्जिन कंपनीशी बोलणी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात तिच्या डब्यात पहिल्यांदा माणसं बसली. नळी ५०० मीटरची, वेग ताशी १७२ किलोमीटर. आपल्या वंदे भारतने त्याआधीच, २०१८च्या चाचणीत, साध्या रुळांवर १८० ओलांडले होते. २०२३ अखेर ती कंपनी बंद पडली. मद्रास आयआयटीची चारशेहून अधिक मीटरची चाचणी-नळी मात्र तयार आहे आणि काम चालू आहे.

हायपरलूपला हवेचा हजारावा भाग चालतो. लायगोला लागतो एक लाख कोटीवा. अमेरिकेतल्या आधीच्या लायगोच्या नळ्या तापवून, धातूत मुरलेला वायू बाहेर काढून, मग चाळीस दिवस उपसाव्या लागल्या. कारण मोजायचं आहे ते प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकं हलणं: दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात उठणाऱ्या लाटेचं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ती लाट पहिल्यांदा पकडली गेली.

कृष्णविवर मराठी वाचकाला नवं नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक म्हणून नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाच लायगो-इंडियाची एक भागीदार, आणि जागेचा शोधही तिनेच घेतला.

जागा शोधताना अट होती शांततेची. अमेरिकेत लुइझियानातल्या लायगोजवळून मालगाडी गेली तरी जमिनीची थरथर उपकरणांना जाणवते. म्हणून रहदारीपासून, कारखान्यांपासून, रुळांपासून दूर असा मुलूख हवा होता. रेल्वेचा अनुशेष मोजण्यात ज्यांची हयात गेली, त्या मराठवाड्यात तो सापडला.