टिकची तीव्रता आणि टिकचा त्रास

मूल दिवसभर डोळे मिचकावते, मान झटकते, घसा खाकरते, आणि आईवडील डॉक्टरांना सांगतात, "फारच वाढलंय, आता औषध द्याच." या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. टिक, म्हणजे अशी नकळत पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज, किती वेळा आणि किती जोराने होते ही तिची तीव्रता. तिच्यामुळे मुलाचे काय अडते, हा तिचा त्रास. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, टिक्स मोजण्याच्या येल मापनश्रेणीतही तीव्रतेला ५० आणि त्रासाला स्वतंत्र ५० गुण ठेवलेले आहेत.

तीव्रता मुळातच चढउताराची असते. टिक्स बहुधा ४ ते ६ वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२ च्या सुमारास सर्वाधिक वाढतात आणि पुढे बऱ्याच मुलांमध्ये ओसरतात. मधल्या काळातही एक जाते, दुसरी येते. त्यामुळे ऐन भराच्या आठवड्यात सुरू केलेला कोणताही उपाय पुढच्या महिन्यात गुणकारी वाटू शकतो, मग तो निरुपयोगी का असेना.

त्रासाचा हिशेब असा सरळ नसतो. सतत नाक ओढणारे एखादे मूल मजेत खेळत असते, तर दिवसातून चारदाच ओरडणारे दुसरे चिडवले जाण्याच्या भीतीने शाळेत जायला तयार नसते. शिवाय त्रास नेमका कोणाला होतो, हेही पाहावे लागते. पुष्कळदा मुलापेक्षा आईवडीलच अधिक अस्वस्थ असतात. मुद्दाम करतो असे वाटून ते टोकत राहतात, आणि त्या ताणाने टिक आणखी वाढू शकते. अनेक घरांत तर खरी ओढाताण टिकची नसून तिच्या जोडीने असलेल्या अतिचंचलतेची किंवा मंत्रचळाची, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या विकाराची, असते.

उपचाराची निवड त्रासावरून व्हावी, तीव्रतेवरून नव्हे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कामात अडथळा नसेल तर नुसते लक्ष ठेवणे पुरते. उपचार हवाच असेल, तर आधी वर्तनोपचाराचा विचार करावा. त्यात टिक येण्याआधीची जाणीव ओळखून टिकला विरोधी हालचाल करायला शिकवतात. १२६ मुलांवरील २०१० च्या चाचणीत या उपचाराने सुमारे ५३ टक्के मुले सुधारली, केवळ माहिती व आधार मिळालेल्या गटात सुमारे १९ टक्के. औषधांनीही टिक्स कमी होतात, पण काहींनी झोप येते, काहींनी वजन वाढते. वर्तनोपचाराला मात्र घरी रोजचा सराव लागतो आणि आधीच थकलेल्या पालकांना तो झेपेल का, हा प्रश्न उरतोच. त्यात सहसा मुलाला सर्वांत जास्त छळणारी टिक आधी हाती घेतात, आणि ती कोणती हे मुलालाच विचारतात.