रस्ता रंगवायला रस्त्यावरच उभं राहावं लागतं?

तैलरंगात रस्त्याचं वातावरण उतरवायचं तर ईझल (कॅनव्हास उभा करायचा स्टँड) थेट रस्त्यावरच लावायचं, इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलता उजेड रंगात पकडणारे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच चित्रकार, तसंच करायचे, असं हौशी चित्रकारांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. निसर्गचित्रांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पॅरिसच्या रस्त्यांबाबत मात्र नाही.

इम्प्रेशनिस्ट कामीय पिसारोने 1897 साली बुलेव्हार मोंमार्त्र हा पॅरिसचा रुंद रस्ता रंगवला तो हॉटेलच्या खोलीत बसून. डोळ्याच्या जुन्या दुखण्यामुळे धूळवाऱ्यात काम करणं त्याला जड जायचं. एकाच रस्त्याची चौदा चित्रं झाली: धुकं, पाऊस, ऊन आणि एकच रात्र. ही रात्र सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ती जवळून बघाच. मधोमध विजेच्या दिव्यांचे थंड पांढरे ठिपके, दुकानांचा पिवळा-नारिंगी उजेड, आणि ओल्या रस्त्यावर तेच रंग खाली ओघळलेले. माणसं म्हणाल तर नुसते फटकारे. इतक्या उंचीवरून नाक-डोळे दिसणार कुठून! गर्दीची लय तेवढी दिसते, आणि चित्राला तीच पुरते.

दुसरा इम्प्रेशनिस्ट मोने, त्यानेही 1873 साली बुलेव्हार दे कापुसीन हा पॅरिसचाच रस्ता खिडकीतूनच रंगवला. त्यांच्याच गटातल्या कायबॉतचं 1877 चं पावसाळी पॅरिसचं चित्र जवळपास पावणेतीन मीटर रुंद. एवढा कॅनव्हास भर चौकात कोण उभा करणार? आधी रेखाटनं, मग स्टुडिओत सावकाश काम.

तेव्हा घराच्या गॅलरीत उभं राहून खालचा रस्ता रंगवत असाल, तर खुशाल रंगवा. फक्त उजेड बदलला की कॅनव्हासही बदला. पिसारो हवामानागणिक वेगळा कॅनव्हास घ्यायचा.