पूर ओसरल्यावरची उपकारस्तुती

पावसाळ्यात सांगलीत फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आयर्विनला किती झाले?’ कृष्णेवरचा हा पूल 1929 चा. त्याच्यापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा, 45 वर गेले की धोका. 2005 मध्ये ते 53 फुटांच्या पुढे गेले, तेव्हा याहून मोठा पूर येणार नाही असे वाटले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्याही वर चढले. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गाव सोडून निघालेल्या लोकांची बोट उलटली आणि 17 जीव गेले. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा पूर आला. त्याच पावसात साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे झोपेतच गाडली गेली.

पूर ओसरला की आधी वास येतो. आंबलेल्या धान्याचा, भिजलेल्या गाद्यांचा आणि गाळाचा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. ख्रिस्ती घर असेल तर गच्चीवर किंवा कट्ट्यावर पवित्र शास्त्रही, म्हणजे बायबलही, वाळत घातलेले दिसते. पाने एकमेकांना चिकटलेली, कुणीतरी सुरीच्या पात्याने एकेक पान सोडवत बसलेले. मग रविवारी मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, जमते, पाळकसाहेब उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, प्रार्थना करतात, आणि लोक उभे राहून साक्ष देतात. त्यातले एक वाक्य फार जुने आहे: घर गेले, पण माणसे वाचली, देवाचे आभार.

हे वाक्य खरे असते, मनापासून आलेले असते. पण ज्याचे माणूस वाचले नाही, त्याने त्याच बाकावर बसून काय म्हणायचे? या प्रश्नाने मराठी मंडळ्यांना आजही अस्वस्थ करायला हवे. संकटानंतरच्या कृतज्ञतेचा मागचा इतिहास बघायचा तो त्यासाठीच.

ही कृतज्ञता आपल्याकडे मिशनऱ्यांबरोबर बोटीतून आली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचे दुकान बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे एका अभंगात त्यांनी देवाला सांगितले की दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली तीही बरी झाली. हे धाडसाचे बोल आहेत. ते त्यांनी स्वतःच्या उद्ध्वस्त संसाराबद्दल काढले. शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझा पोरगा गेला ते बरे झाले’ असे ते म्हणाले नाहीत. आणि परंपरा सांगते की सावकारीच्या कागदांतला आपल्या वाटणीचा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडवला. ज्या दुष्काळाने त्यांना देव दिला, त्याच दुष्काळाने नाडलेल्या कुळांचे कर्ज त्यांनी माफ केले. माझ्या मते या विषयाचे मर्म या दोन गोष्टींत आहे.

याचा साताऱ्याशी संबंध आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण मराठी ख्रिस्ती माणूस संकटात जेव्हा गातो तेव्हा त्याच्या ओठांवर अभंग आणि ओवीची चाल असते, याचे मोठे श्रेय टिळकांना आहे. दुःखातही देवाशी भांडत, लडिवाळपणे बोलायची सवय त्या चालीतच आहे.

मिशनचा स्वतःचा इतिहासही दुष्काळाशी बांधलेला आहे, आणि तो सरळ नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते साताऱ्यात पोचले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन होरपळले, नंतर 1896–97 आणि 1899–1900 मध्ये पुन्हा. मिशनने अन्न दिले, कामे काढली, अनाथ मुले सांभाळली. पंडिता रमाबाईंनी 1897 मध्ये मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. कित्येक मराठी ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ अशा एखाद्या दुष्काळी पोरापाशी सुरू होते. तेव्हापासून एक आरोपही चिकटला: भाकरीसाठी धर्म बदलला. तो साफ झटकून टाकता येणार नाही. काही ठिकाणी मदत आणि बाप्तिस्मा एकमेकांत गुंतले होते, आणि ज्याच्या हातची भाकरी खाल्ली त्याच्या देवाचे आभार मानणे हे कधी श्रद्धेतून झाले तर कधी मिंधेपणातून. पण चार पिढ्यांनंतरही जे घर भिजलेले शास्त्र वाळत घालते, त्याची श्रद्धा एका दुष्काळातल्या भाकरीवर तोलणे हा अन्याय आहे.

मिरजेची गोष्ट वेगळी. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये हिंदुस्थानात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग फुटला आणि बघता बघता दख्खनभर पसरला. 1897 मध्ये मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची शाळाही निघाली. पेशंटची जात-धर्म विचारायची नाही, हे त्या रुग्णालयाचे वळण राहिले. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आजही आहे. तिथले कितीतरी लोक ख्रिस्ती नाहीत, पण ते नाव त्यांच्या पत्त्यात सहज बसले आहे. कुणाच्या तोंडून न वदवलेली कृतज्ञता अशीच दिसते.

मग धर्मग्रंथ काय सांगतो? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे आभाराच्या स्तोत्रांपेक्षा जास्त आहेत. 69 वे स्तोत्र तर गळ्यापर्यंत आलेल्या पाण्यापासूनच सुरू होते. चिखलात रुतलो आहे, पाय ठरत नाही, ओरडून घसा सुकला, असे कवी देवाला सांगतो. सांगलीच्या हरभट रोडवर छातीभर पाण्यातून चाललेल्या माणसाला ते समजावून द्यावे लागत नाही. स्तुती येते ती या विलापाच्या नंतर, आणि विलाप वगळून येत नाही. आपल्या मंडळ्यांत मात्र रडणे आटोपते घेऊन आभाराकडे वळायची घाई असते. ती घाई शास्त्राने शिकवलेली नाही.

बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराने वाचावा. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. 2019 मध्ये ऑगस्टच्या पुरानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला आणि बागांमध्ये दावण्या, घडकूज या रोगांनी थैमान घातले. पुढच्या मार्चमध्ये, उरलेला माल काढायच्या वेळी, लॉकडाऊन लागला. हबक्कूक झालेल्या नुकसानीची यादी एकेक करून करतो, तिथे काही झाकत नाही, आणि शेवटी आनंद करतो तो देवाच्या ठायी, नुकसानीबद्दल नव्हे.

सतराव्या शतकात जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावच्या मार्टिन रिंकार्ट या पाळकाने हेच केले. तीस वर्षांच्या युद्धात, 1637 च्या साथीत त्याने चार हजारांहून अधिक लोकांचे दफनविधी केले; त्यांत त्याची बायकोही होती. त्या काळात त्याने लिहिलेले आभाराचे गीत आजही जगभर गायले जाते.

उलट 1755 मध्ये सर्व संतांच्या दिवशी लिस्बनला भूकंप झाला, भरलेली चर्चे कोसळली, आणि युरोपभर ‘हे कुणाच्या पापामुळे?’ याचा काथ्याकूट सुरू झाला. त्याचे उत्तर येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात आधीच देऊन ठेवले होते. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. मेलेले जास्त पापी नव्हते, तर वाचलेले जास्त पुण्यवानही नव्हते. ‘देवाने आम्हाला राखले’ म्हणताना ब्रह्मनाळच्या 17 जणांना राखले नाही असा अर्थ निघत असेल, तर ती साक्ष थांबवायला हवी.

कोयनेचा भूकंपही इथे आठवतो. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, ख्रिस्तजन्माचा सण दोन आठवड्यांवर. साडेसहाच्या आसपास तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे 180 माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. धरणाच्या जलाशयाशी त्याचा संबंध भूशास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. सांगलीच्या पुरातही नुसते आभाळ दोषी नाही. पाणी वाहून नेणारे ओत बुजवले गेले, पूररेषेच्या आत घरे उठली, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचे यावर वाद झाले. उपकारस्तुती म्हणजे या प्रश्नांना पूर्णविराम, असे कुणी मानू नये. देवाचे आभार मानणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी महापालिकेत जाऊन नाल्याचा जाब विचारावा. दोन्ही श्रद्धेचीच कामे आहेत.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक नोंद आहे. सम्राट क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या नव्या मंडळीने यहूदियातल्या भावांना ऐपतीप्रमाणे मदत पाठवली. काही वर्षांनी प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण देतो: त्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनी गळ घातली. या दानामुळे गरज तर भागतेच, शिवाय पुष्कळांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती होते, असे तो लिहितो. त्याच्या लेखी आधी दान, मग स्तुती.

2019 च्या ऑगस्टमध्ये एकीकडे सांगली बुडत होती आणि त्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात पिण्याचे पाणी टँकरने येत होते. दुष्काळी पट्ट्यातल्या त्या गावांतूनही पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या बांधून आल्या. एनडीआरएफ, लष्कर, नौदल यांच्या बोटी होत्या, गल्लीतल्या पोरांनी ट्यूब आणि गुळाच्या काहिली घेऊन माणसे काढली. यांतले फार थोडे ख्रिस्ती असतील. साक्ष द्यायला उभे राहिलेल्या प्रत्येकाने आधी त्यांची नावे घ्यावीत, ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्या गावांची घ्यावीत, आणि त्या रविवारची दानाची पेटी पुढच्या उन्हाळ्यात जतला जावी.