शिंगांचे गुण: इंचाच्या आठव्या भागापर्यंतच्या हिशेबामागील पार्श्वभूमी

हरणाच्या शिंगांना मापावरून गुण देण्याची जी पद्धत आज अमेरिका आणि कॅनडातील बहुसंख्य शिकारी प्रमाण मानतात ती १९५० साली ठरली, पण तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जातात. लंडनमध्ये प्राण्यांत पेंढा भरण्याचा मोठा व्यवसाय करणारे रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये जगभरच्या शिंगांची मापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत आपल्याकडचे सांबर, चितळ आणि बाराशिंगाही होते. (बाराशिंगा हे नाव म्हणजे तरी काय, टोकांची मोजदादच!)

अमेरिकेत मोजणीला वेगळे कारण मिळाले. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचा क्लब स्थापन झाला, तेव्हा कोट्यवधींनी फिरणारे रानगवे, म्हणजे बायसन, जवळजवळ संपले होते. उरलेले मोठे प्राणीही याच वाटेने जाणार, तेव्हा निदान त्यांची नोंद तरी मागे राहावी, ही भावना प्रबळ होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांच्या प्रयत्नांतून तिथे १९२२ मध्ये शिंगांचे आणि मस्तकांचे जे दालन उघडले, ते जगातून नाहीशा होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मृतीला अर्पण केलेले होते. ज्यांच्या बंदुकांनी ही वेळ आणली त्यांच्याच वर्गातील माणसे स्मारक उभारत होती, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

क्लबने १९३२ मध्ये पहिले नोंदपुस्तक काढले, परंतु त्यातील क्रम मुख्यत्वे एकाच लांबीवर लावलेला असल्याने लांब पण किरकोळ शिंग भरदार शिंगाच्या पुढे जाई. जेम्स क्लार्क आणि ग्रॅन्सेल फिट्झ यांनी आपापली सूत्रे मांडली. अखेर सॅम्युअल वेब यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दोन्हींचा मेळ घालून १९५० ची पद्धत सिद्ध केली.

या पद्धतीत शिंगे किमान साठ दिवस हवेवर वाळू द्यावी लागतात, कारण ओली शिंगे वाळताना आकसतात. मग पाव इंच रुंदीच्या पोलादी फितीने दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, त्यांच्यामधील आतले अंतर, प्रत्येक फाट्याची लांबी आणि प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजला जातो. इंचभर लांबी नसलेल्या उंचवट्याला टोक म्हणत नाहीत. खरी गोम वजावटीत आहे. समजा, डावा फाटा दहा इंच आणि उजवा आठ इंच भरला, तर अठरा मिळतात आणि फरकाचे दोन लगेच कापले जातात. म्हणजे लांब फाट्याचे जास्तीचे दोन इंच वाढूनही वाया गेले. नियमित शिंगांत वेडेवाकडे फुटलेले फाटेही वजा होतात. मात्र अनियमित शिंगांचा वर्ग निराळा असून तिथे तेच फाटे मिळवले जातात. सममिती हे निकोप जनावराचे लक्षण, ही त्यामागची धारणा. पण जे हाड दरवर्षी गळून नव्याने उगवते, त्याच्यावर भूमितीची एवढी सक्ती मला तरी जाचक वाटते. सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्याच दुसऱ्या संघटनेने पुढे वजावटीविना पद्धत काढली ती याच तक्रारीतून. युरोपात तर तांबड्या हरणाच्या शिंगांचे वजन आणि रंगसौंदर्यही गुणांत धरतात.

नव्या फितीने जुनी शिंगेही मोजली गेली. विस्कॉन्सिनमध्ये जेम्स जॉर्डन यांनी १९१४ मध्ये मारलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे मस्तक पेंढा भरायला दिले, ते त्यांना परत मिळालेच नाही. अनेक वर्षांनी ते दुसऱ्याच्या हाती सापडले आणि २०६ १/८ गुणांचा विक्रम जॉर्डन यांच्या नावावर १९७८ मध्ये लागला, तोपर्यंत ते निवर्तले होते. हा विक्रम १९९३ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात मायलो हॅन्सन यांच्या हरणाने २१३ ५/८ गुणांनी मोडला. अनियमित वर्गात मात्र ३३३ ७/८ गुणांचे सर्वोच्च हरीण कोणीच मारलेले नाही. ते १९८१ मध्ये मिसूरीतील सेंट लुइस परगण्यात मेलेले आढळले, आणि यादीत शिकाऱ्याच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘सापडलेले’ एवढीच नोंद आहे.