पाच सेंटांचे भाडे (न्यूयॉर्क)

न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेचे १९०४ ते १९४८ या काळात कायम राहिलेले सरसकट प्रवासभाडे. एक थांबा जा किंवा शेवटच्या स्थानकापर्यंत जा, पाच सेंटांचे एकच नाणे लागे. त्या नाण्याला तिथे ‘निकेल’ म्हणतात, म्हणून हे भाडेही ‘निकेल भाडे’ म्हणूनच ओळखले गेले. दोन महायुद्धे आणि एक महामंदी उलटली तरी हा दर हलला नाही, याचे कारण रेल्वेच्या हिशेबात नसून महापौरपदाच्या निवडणुकांत सापडते. मुंबईच्या महापौराकडे कार्यकारी अधिकार नसतात, ते आयुक्तांकडे असतात. न्यूयॉर्कचा महापौर मात्र थेट मतदारांनी निवडलेला प्रशासनप्रमुख असतो. त्यामुळे गाडीभाड्याचे श्रेय किंवा खापर त्याच्याच नावावर जमा होत आले आहे.

पहिला भुयारी मार्ग २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला. भुयार शहराच्या पैशातून खोदलेले होते आणि गाड्या ‘इंटरबरो’ ही खासगी कंपनी चालवत होती. उद्‌घाटनाच्या फेरीत महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी गाडी सुरू करून देऊन बाजूला व्हावे, अशी योजना होती. चांदीचा हॅन्डल हाती येताच त्यांनी तो सोडायला नकार दिला आणि सिटी हॉलपासून १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी स्वतःच हाकली. पुढच्या महापौरांनाही हा हॅन्डल सोडवेना, फक्त तो गाडीचा नसून भाड्याचा होता.

१९१३ साली शहराने ‘इंटरबरो’ आणि ब्रुकलिन भागातील आणखी एक कंपनी अशा दोन कंपन्यांशी नवे करार केले आणि त्यांत पाच सेंटांचा दर ४९ वर्षांसाठी बांधून टाकला. आज ही अट कंपन्यांवर लादलेली वाटते, पण त्या वेळी ती त्यांच्याही सोयीची मानली गेली होती. डबे भरून चालले होते, आणि राजकारणी उद्या भाडे कमी करायला लावतील ही धास्ती अधिक खरी होती. पहिल्या महायुद्धाने हे गणित उलटे केले. १९१४ ते १९२० या सहा वर्षांत अमेरिकेतील किमती सुमारे दुप्पट झाल्या, म्हणजे भाडे न बदलताच निम्मे झाले. ब्रुकलिनच्या कंपनीचे १९१८ अखेर दिवाळे निघाले.

नेमक्या याच वर्षी जॉन हायलन महापौर झाले. तरुणपणी त्यांनी ब्रुकलिनच्या उन्नत रेल्वेवर इंजिन चालवले होते, कायद्याचा अभ्यास नोकरी सांभाळून केला होता आणि त्या नोकरीतून त्यांना काढून टाकण्यात आले होते. रेल्वे कंपन्यांवरचा त्यांचा राग त्यामुळे निव्वळ भाषणापुरता नव्हता. भाडेवाढीची प्रत्येक मागणी त्यांनी धनदांडग्यांचा डाव ठरवली आणि १९२१ मध्ये पाच सेंटांच्या रक्षणाच्या मुद्द्यावर मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. त्यांच्यानंतर जिमी वॉकर यांनी हेच धोरण चालवले. ‘इंटरबरो’ने सात सेंटांसाठी सर्वोच्च न्यायालय गाठले, पण १९२९ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला.

भाडे थांबले तरी खर्च थांबला नव्हता. तो तिकिटाच्या खिडकीवरून उठून करदात्याच्या दारात आणि देखभालीच्या थकबाकीत जाऊन बसला. शहराने स्वतःची तिसरी यंत्रणा बांधून १९३२ मध्ये सुरू केली, तीही पाच सेंटांतच. १९४० साली महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी दोन्ही खासगी कंपन्या सुमारे ३२.६ कोटी डॉलरांना विकत घेतल्या. यामुळे सगळे जाळे शहराच्या मालकीचे झाले खरे, पण त्याचबरोबर दोष देण्यासाठी समोर कोणतीही कंपनी उरली नाही. हायलन यांच्या राजकारणाचा पायाच या खरेदीने काढून घेतला, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

अखेर १ जुलै १९४८ रोजी महापौर विल्यम ओड्वायर यांच्या कारकिर्दीत भाडे दहा सेंट झाले. कामगारनेते माइक क्विल आधी पाच सेंटांचे कट्टर पाठीराखे होते, पण तासाला २४ सेंटांची पगारवाढ पदरात पडताना त्यांनी भाडेवाढीला होकार दिला. पाच वर्षांत दर पंधरा सेंटांवर गेला, तेव्हा एक भलतीच अडचण उभी राहिली. एकच नाणे ओळखणाऱ्या फिरत्या दांड्यांच्या फाटकाला पंधरा सेंट कसे घालायचे? त्यासाठी १९५३ मध्ये पितळी टोकन निघाले. ‘एनवायसी’ या तीन इंग्रजी आद्याक्षरांपैकी मधल्या अक्षराच्या जागी आरपार छेद असलेला हा बिल्ला पुढे रूपे बदलत जवळजवळ ५० वर्षे शहराच्या खिशात खुळखुळत राहिला.

त्याच वर्षी भाड्याचा निर्णय नव्या प्राधिकरणाकडे सोपवण्यात आला. १९६६ च्या बारा दिवसांच्या संपानंतर महापौर जॉन लिंडसे यांना पुलांवरील टोलचे उत्पन्न गाड्यांकडे वळवून भाडे आवरायचे होते, पण त्यांना ते साधले नाही. तीच कल्पना गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी १९६८ मध्ये ‘मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटी’ (एमटीए) स्थापून तडीस नेली, आणि सूत्रे शहराकडून राज्याकडे गेली. या मंडळावरील नेमणुका गव्हर्नर करतात. महापौर फक्त चार नावे सुचवू शकतात. न आवडणारी दरवाढ दुसऱ्याच्या सहीने होणे अनेक महापौरांच्या पथ्यावरच पडले.

२०२५ च्या निवडणुकीत झोहरान ममदानी यांनी हा प्रश्न पुन्हा महापौरपदाशी जोडला. विधिमंडळ सदस्य असताना त्यांच्या पाठपुराव्यामुळे सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात शहराच्या पाचही बरोंमध्ये (विभागांमध्ये) प्रत्येकी एका मार्गावर मोफत बस चालवून पाहण्यात आली होती. त्या मार्गांवर कामकाजाच्या दिवशीची प्रवासीसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, तरी त्यात नवख्यांपेक्षा आधीच्याच प्रवाशांच्या जास्तीच्या फेऱ्यांचा वाटा मोठा होता. सर्व बस मोफत करण्याचे त्यांचे आश्वासन वर्षाला सुमारे ८० कोटी डॉलरांचे धरले गेले, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी लागणारी करवाढ राज्य विधिमंडळाच्या हाती आहे. १ जानेवारी २०२६ च्या मध्यरात्री त्यांनी शपथ घेतली ती १९४५ पासून बंद असलेल्या जुन्या सिटी हॉल स्थानकात, म्हणजे मॅक्लेलन यांची गाडी सुटली होती त्याच फलाटावर. त्यानंतर तीनच दिवसांनी, मंडळाने आधीच मंजूर केल्याप्रमाणे, भुयारी रेल्वे व बसचे भाडे २.९० वरून ३ डॉलर झाले.