पितळी पेन घेतलात ना, मग हे वाचाच

पेन हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, पितळ नवीन की जुनं? जुनंच. गळके नळ, व्हॉल्व्ह, प्लगच्या पिना, कुणाच्या तरी माळ्यावरची घागरसुद्धा असेल, हे सगळं जामनगरच्या भट्ट्यांमध्ये वितळून त्याच्या सळ्या होतात आणि त्या आम्ही आणतो. यात आम्ही काही मोठा शोध लावलाय असं नाही हं, मोड देऊन नवीन भांडी घेणं आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलंय.

भंगारातलं म्हणजे हलकं असणार, हे मात्र डोक्यातून काढा. प्लास्टिक परत परत वितळवलं की त्याचा दम जातो, धातूचं तसं नसतं, खरी भानगड भेसळीची. लोखंड चुंबकाने निघतं पण भांड्याच्या कल्हईतून कथील येतं ते चुंबकाला दाद देत नाही, आणि पितळ वितळतं साधारण 900 अंश सेल्सिअसच्या वर तर त्यात तांब्याबरोबर असलेलं जस्त 907 लाच उकळायला लागतं, म्हणजे भट्टीतून पांढरा धूर निघतो तो जस्ताचा, ते वरून परत घालावं लागतं. म्हणून प्रत्येक लॉटचा नमुना तपासायला लागतो. ज्या सळीबरोबर टेस्ट रिपोर्ट नाही ती कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही घेत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. लेथवर, म्हणजे सळी फिरवत कापणाऱ्या मशीनवर, चालणाऱ्या या पितळात 2 ते 3 टक्के शिसं असतं, ते नसेल तर कापताना लांबच लांब गुंडाळ्या निघून टूलला अडकतात. लिहायला काही प्रॉब्लेम नाही, पण तुम्हाला पेन चावायची सवय असेल किंवा घरात सगळं तोंडात घालणारं पोर असेल तर अल्युमिनियमवाला घ्या. तोही भंगारातलाच, जुन्या खिडक्यांच्या सेक्शनचा, आणि ऊर्जेच्या हिशोबात तर तोच भारी, कारण खाणीतल्या मातीपासून अल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या 5 टक्क्यांच्या आसपासच भंगार वितळवायला लागते. पितळात बचत होते पण एवढी नाही.

आता चुऱ्याचं. 12 मिलिमीटर सळीचा 13 सेंटिमीटर तुकडा सव्वाशे ग्रॅमचा, त्यातून पेन निघतो जेमतेम 45 ग्रॅमचा! बाकीचा सगळा चुरा परत भट्टीला जातो, फक्त पितळ आणि अल्युमिनियमचा चुरा एकत्र होऊ द्यायचा नाही, झाला तर दोन्हीची वाट लागते.

पण नुसतं जुनं पितळ वापरून काही पर्यावरण वाचत नाही, पेन वर्षानुवर्षं वापरला तरच त्याला अर्थ, दर दिवाळीला नवीन घेणार असाल तर दहा रुपयांवालाच बरा. रिफिल 98 मिलिमीटरची जाड मेटलची, पार्करच्या मापाची, कुठल्याही स्टेशनरीत मिळते.

लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक लेप, मारलेलं नाहीये, त्यामुळे पेन काळपट पडणार, घामाने बोटांना वास येणार, कधी हिरवट डाग पण. चमक हवी असेल तर चिंच नाहीतर लिंबू-मीठ, आधी रिफिल काढा आणि आट्यांमध्ये ओल राहू देऊ नका. आम्हाला काळपटच आवडतो.

कंटाळलात तर पेन परत आणा, त्या दिवशीच्या मोडीच्या भावाने वजन करून नवीन पेनच्या किमतीतून वजा करू. स्प्रिंग आणि रिफिल काढूनच आणा, ते वजनात धरत नाही.